कीबोर्ड जातो, पण नेमका कधी जातो?

सुट्या होणाऱ्या टॅब-लॅपटॉपवर टाइप करता करता कीबोर्ड गप्प होतो. दोन उतरते सूर वाजतात, पडद्याच्या खालच्या भागात काचेवर बोट लावून टाइप करायचा कीबोर्ड उगवतो आणि आपलं अर्धं वाक्य त्याच्यामागे गडप होतं. दोनेक सेकंदांत चढते सूर वाजतात आणि सगळं पूर्ववत. कधी मात्र तेही होत नाही, मग कीबोर्ड उपटून पुन्हा लावावा लागतो. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी बँकेतून रिपोर्टसाठी फोन आलेला असतो आणि नेमकं तेव्हाच पुन्हा तेच.

मी गृहकर्जासाठी घरांचं मूल्यांकन करतो, चिपळूण-गुहागर भागात. साइटवर नुसता पडदा हातात धरून मापं लिहायची, फोटो काढायचे, मग गाडीत बसून कीबोर्ड जोडायचा आणि रिपोर्टला लागायचं. सुटा होणारा टॅब-लॅपटॉप घेतला तो याचसाठी, आणि त्या एका गोष्टीत त्याला तोड नाही. पण गेल्या दोन वर्षांत या कीबोर्डनं जेवढा जीव खाल्ला तेवढा माझ्या कुठल्या गिऱ्हाइकानंही खाल्ला नसेल. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एकदा नवा कीबोर्ड गळ्यात मारला. दोन महिने सुरळीत चालला आणि पुन्हा टुंग-डुंग. मशीन कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण शेवटी जे निघालं त्यात कंपनीचा दोष नव्हता आणि हा प्रकार या जातीच्या कुठल्याही मशीनवर होऊ शकतो.

आधी हा जोड काय असतो ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सरळ कळेल. या मशीनमध्ये दोन घराणी आहेत. २०११ च्या आसुस ट्रान्सफॉर्मरसारखी, ज्यात पडदा कीबोर्डच्या खाचेत बसतो आणि खटक्यानं अडकतो. आणि २०१२ च्या सरफेससारखी, ज्यात पातळ कीबोर्ड लोहचुंबकानं कडेला चिकटतो आणि पडदा मागच्या टेकूवर उभा राहतो. दोन्हीकडे वीज आणि अक्षरं जातात ती कडेच्या मूठभर संपर्कबिंदूंतून. एका बाजूला चपटे सोनेरी ठिपके, दुसऱ्या बाजूला पिना. बऱ्याच मशीनमध्ये या पिनांखाली इवलीशी स्प्रिंग असते, त्यांना पोगो पिना म्हणतात. आतून पाहिलं तर बहुतेक वेळा ही साधी यूएसबी २.० ची जोडणी असते: पाच व्होल्ट, ग्राउंड म्हणजे विजेच्या परतीची तार, आणि माहितीच्या दोन तारा. शिवाय 'कीबोर्ड लागलाय' हे ओळखायला एखादी जास्तीची पिन.

यूएसबीचा एक स्वभाव इथे आडवा येतो. पाच व्होल्टची पिन डोळ्याचं पातं लवेपर्यंत जरी सुटली तरी कीबोर्डमधली चिप बंद पडून नव्यानं सुरू होते. मग विंडोज तिला 'तू कोण, कुठली' असं पहिल्यापासून विचारत बसतं. संपर्क तुटतो क्षणभर, आपण अडकतो दोन सेकंद. हे विचारणं अर्धवट तुटत राहिलं तर विंडोज 'कोड ४३' असा शेरा मारून त्या कीबोर्डचा नाद सोडतं. उपटून पुन्हा लावल्याशिवाय मग तो उठत नाही. वर म्हटलेले दोन प्रकार, आपोआप परतणारा आणि न परतणारा, हे एकाच दुखण्याचे असू शकतात. मला वर्षभर ते दोन वेगळे रोग वाटत होते.

इंटरनेटवर या त्रासावर डझनभर उपाय मिळतात आणि मी ते सगळे केले. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवायला विंडोजला लागणारे छोटे प्रोग्राम, काढले, घातले. विंडोज झटपट सुरू करणारं फास्ट स्टार्टअप बंद केलं. पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरलं. यातलं काहीच खोटं नाही, प्रत्येक उपायानं कुणाचं तरी मशीन नीट झालेलं असतं. माझं चुकलं ते हे, की मी औषधं घेत सुटलो आणि ताप कधी चढतो ते बघितलंच नाही.

शेवटी डॅशबोर्डवर पन्नासपानी वही ठेवली. कीबोर्ड गेला की एक ओळ: वेळ, कुठे बसलोय, जायच्या आधी काय करत होतो. नऊ दिवसांत सतरा ओळी झाल्या. त्यातल्या अकरांत मी मशीन हलवलं होतं, म्हणजे मांडीवर सरकवलं, पडद्याचा कोन बदलला, पडद्याला बोट लावलं. उरलेल्या सहांत मशीन टेबलावर जागचं हललं नव्हतं. फोनवर बोलत होतो, नकाशा बघत होतो, पाच-सात मिनिटं एकही कळ दाबली नव्हती आणि दाबायला गेलो तर कीबोर्ड मेलेला.

एवढं कळल्यावर डोक्यात प्रकाश पडला. हलवल्यावर जाणं आणि स्वस्थ बसल्यावर जाणं, हे दोन आजार होते, एकाच वेळी झालेले. वर्षापूर्वी मी यूएसबीची वीजबचत, म्हणजे काही वेळ वापर नसला की विंडोज उपकरणाला झोपवतं ती सोय, बंद केली होती. तेव्हा त्रास कमी झाला होता, पण थांबला नव्हता, म्हणून 'याचा काही उपयोग नाही' असं म्हणून ती सेटिंग मी स्वतःच्या हातानं पूर्ववत केली. मग पिना पुसल्या. पुन्हा त्रास कमी झाला, पुन्हा थांबला नाही, पुन्हा मी तो उपाय खोडला. दोन्ही उपाय बरोबर होते. मी दर वेळी एकाला हाताशी धरत होतो आणि दुसऱ्याच्या नावानं त्याला शिव्या घालत होतो.

तेव्हा पहिली गोष्ट वही, किंवा फोनमधली नोंद. आठवडाभर. हलवल्यावर जातो, स्वस्थ बसल्यावर जातो, की झोपेतून उठवल्यावर जातो? मशीन चार्जिंगवर होतं की नव्हतं, तेही लिहा.

दुसरी गोष्ट बायोसची परीक्षा, आणि ही मला फार आवडते, कारण हिच्यात वाद घालायला जागा नाही. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम, नव्या मशीनवर त्याला युईएफआय म्हणतात. तिथे विंडोज नसतं, त्याचे ड्रायव्हर नसतात, वीजबचत नसते. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, तिथे अॅडव्हान्स्ड स्टार्टअपपुढचं रिस्टार्ट नाऊ. निळा पडदा आला की ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, युईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. आत गेल्यावर कीबोर्डच्या बाणांनी वर-खाली फिरा आणि फिरता फिरता जोड हळूच हलवा. कोन बदला. मांडीवर घ्या. कीबोर्ड इथेही जात असेल तर ड्रायव्हरची सगळी चर्चा तिथेच संपली, दुखणं पिनांत, चुंबकात किंवा वायरीत आहे. इथे अर्धा तास हलवूनही गेला नाही आणि विंडोजमध्ये जातो, तर संशय विंडोजवर. फक्त तिथलं काही बदलू नका, बघून बाहेर या. नको ती सेटिंग बदलली आणि मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डेटाला कुलूप घालणारी विंडोजची सोय, असेल तर पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती कुठे ठेवलीय हे ऐन वेळी कुणालाच आठवत नाही.

माझा कीबोर्ड बायोसमध्ये दुसऱ्याच मिनिटाला गेला.

विंडोजमध्येही हे डोळ्यांनी बघता येतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, कीबोर्ड्सची यादी उलगडा. 'एचआयडी कीबोर्ड डिव्हाइस' अशी एक-दोन नावं दिसतील. आता एका हातानं जोड दाबा, वाकवा, सोडा. नाव यादीतून नाहीसं होतं आणि परत येतं, नळाच्या धारेसारखं. कुठल्या कोपऱ्यावर दाब दिल्यावर जातं ते लक्षात ठेवा. माझं डाव्या कोपऱ्यावर जात होतं, आणि ते पुढे कामाला आलं.

आता पिना. आधी मशीन पूर्ण बंद करा, आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे हे ध्यानात घ्या. शिफ्ट दाबून शटडाउन करा. कीबोर्ड काढा. फोनचा टॉर्च आडवा धरा, वरून नको, बाजूनं. सगळ्या पिना एका उंचीच्या दिसायला हव्यात, वडाच्या पारंब्यांसारख्या कमीजास्त नकोत. एखादी खाली बसलेली वाटली तर लाकडी टूथपिकच्या बोथट बाजूनं हळूच दाबून सोडा. उसळून वर आली तर ठीक. रेंगाळत आली तर आत घाण आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडा आणि तीच पिन वीस-पंचवीस वेळा खालीवर करा. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या, मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे मिळतं. चपट्या ठिपक्यांना धागे न सुटणारं कापड, पिनांना मऊ टूथब्रश. कानकोरणीचा कापूस पिनांत अडकतो आणि एक नवीन समस्या तयार होते.

काय करू नये, याची यादी मी स्वतः करून पाहून तयार केली आहे. सॅनिटायझर लावू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि अल्कोहोल उडून गेल्यावर तो चिकटा मागे राहतो. पॉलिश पेपर किंवा ब्लेड तर मुळीच नको. वरचा सोनेरी मुलामा कागदाहून पातळ असतो, तो गेला की खालचा धातू काळा पडायला मोकळा. आणि आमच्याकडे चार महिने पाऊस, वर खारं वारं. खारट ओलावा आणि पिनेतली वीज एकत्र आले की गंज धरायला वेळ लागत नाही. पुसलेलं मशीन अर्धा तास उघडं वाळू द्या, मगच जोडा.

हे सगळं मी केलं, तरी डावा कोपरा काही ऐकेना. तेव्हा बाजारात एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पंचविशीतला मुलगा, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. त्यानं पिनांकडे बघितलंही नाही, पडद्याच्या कडेला चुंबकापाशी बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. बारीक काळी लव होती, मिशा फुटल्यासारखी.

"काका, साइटवर जाता का?"

"जातो. का रे?"

"हा गंज नाही. लोखंडाचा चुरा आहे. पुसून नाही निघायचा, चुंबकाला लागलाय."

सळया कापायचा कटर चालू असतो तिथे हवेत ठिणग्या उडतात, त्या विझून खाली पडतात तोच हा चुरा. मी मापं लिहायला टॅब कुठे ठेवत होतो? चिऱ्यांच्या चळतीवर, आणि चिरे नसले तर सळयांच्या मोळीवर. कीबोर्ड काढलेला, म्हणजे कडेचे चुंबक उघडे. दिवसभर ते चुरा गोळा करत होते आणि संध्याकाळी मी गाडीत कीबोर्ड जोडला की तो चुरा दोहोंच्या मध्ये पाचरीसारखा बसत होता. फट केसाएवढी, पण पोगो पिनेची उसळी तरी असते किती? नवा कीबोर्ड दोन महिने का चालला हेही तिथेच उलगडलं. त्यांनी कीबोर्ड बदलला होता. चुरा टॅबला होता, त्यावर नवा थर चढायला तेवढा वेळ लागला.

फडक्यानं काय होतं, तर चुरा चुंबकावरून निघतो आणि सरकून पिनांवर जाऊन बसतो. म्हणजे आधीपेक्षा वाईट, कारण दोन पिनांमध्ये लोखंडाचा पूल झाला तर मशीनच जायचं. त्याला उपाय चिकटपट्टी. मुलानं सेलोटेपचा तुकडा कडेवर दाबला आणि सरळ वर उचलला. घासायचं नाही, नुसतं दाबायचं आणि उचलायचं. सात-आठ तुकडे काळे झाले, मग पांढरे निघायला लागले. गोंदाचा माग राहिला तो अल्कोहोलनं पुसला. पैसे किती विचारले तर म्हणाला, "चहा पाजा." पाजला.

आता साइटवर जाताना टॅबच्या त्या कडेवर रंगकाम करणारे वापरतात ती कागदी पट्टी लावतो. चुरा पट्टीवर चिकटतो आणि संध्याकाळी पट्टीसकट निघून येतो. ज्यांचा सळयांशी संबंध नाही त्यांनी हसू नये. पर्समध्ये टाचणी, स्टेपलरची तुटकी पिन, केसांची बारीक क्लिप, यातलं काहीही त्या कडेला जाऊन बसतं. माझ्या भाचीच्या टॅबला चिकटलेली स्टेपलची पिन मी स्वतः काढली आहे. तिच्या कॉलेजातल्या मित्रानं तोवर तिला विंडोज दोनदा नव्यानं घालून दिलं होतं.

हलवल्यावर जाणारे अकरा असे सुटले. स्वस्थ बसल्यावर जाणाऱ्या सहांचं बघू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये खाली युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स. त्यात यूएसबी रूट हब, एक किंवा जास्त. प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे' अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण काढायची. सगळ्या हबांना. काही मशीनवर पॉवर मॅनेजमेंटचा कप्पाच दिसत नाही, तिथे पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड सापडलं तर ते बंद करा. नसेल तर मशीन बनवणाऱ्याच्या साइटवरून चिपसेट आणि फर्मवेअरचं ताजं अपडेट घेणं एवढंच हातात राहतं. बॅटरी थोडी लवकर उतरते, मला तरी ती जाणवण्याइतकी उतरलेली दिसली नाही. आणि हो, विंडोजच्या एका मोठ्या अपडेटनंतर ती खूण माझ्याकडे पुन्हा उमटलेली सापडली. अपडेट झालं की एकदा डोकावून यायचं.

तिसरा प्रकार, झोपेतून उठवल्यावर जाणारा, माझ्याकडे नव्हता, पण ऐकून आहे. त्यात आधी चुंबकी पाकीट आणि चुंबकी मोबाइल कव्हर तपासा. कीबोर्ड मिटला की मागे दुमडला हे यातली बरीच मशीनं चुंबकावरूनच ओळखतात. शेजारी दुसरं चुंबक असेल तर मशीनला वाटतं कीबोर्ड मागे दुमडलाय, आणि ते कळा बंद करून टाकतं. अशा वेळी कीबोर्ड बिघडलेला नसतो, त्याला गप्प बसवलेलं असतं.

मांडीवरच्या वापराबद्दल एक. साध्या लॅपटॉपचं वजन खालच्या भागात असतं. इथे बॅटरी, बोर्ड सगळं पडद्यात, म्हणजे डोकं जड आणि पाय हलके. मांडीवर पडदा मागे कलतो आणि जोडाला सारखा ओढतो. टेबलावर कधीच न जाणारा आणि मांडीवर हमखास जाणारा कीबोर्ड खराब असेलच असं नाही. मी आता मांडीवर जाड पुठ्ठ्याची फाइल घेतो, टेकू आणि कीबोर्ड दोन्ही तिच्यावर. दिसायला गबाळं दिसतं.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. टॅब पालथा करून सपाट काचेवर ठेवा. डुगडुगत असेल, किंवा पडद्याची कड चौकटीतून उचललेली दिसत असेल, तर आतली बॅटरी बहुधा फुगली आहे. फुगवट्यानं चौकट वाकते, पिना जुळत नाहीत आणि तक्रार कीबोर्डची वाटते. ते मशीन चार्जिंगला लावू नका, पडदा दाबून बसवायला जाऊ नका, लिथियमची बॅटरी आहे ती. डेटा आधीच कुठे साठवलेला असेल तर उत्तम, आणि मशीन सरळ दुरुस्तीला.

आणि काही वेळा कीबोर्ड खरोखरच गेलेला असतो. पातळ कीबोर्डच्या घडीतून चपटी वायर जाते, हजारदा दुमडून ती आतून तुटते. तिची खूण अशी, की जोड स्वच्छ आहे, पिना उसळतात, आणि तरी कीबोर्ड एका ठरावीक कोनातच मरतो आणि त्या कोनातून काढला की जगतो. हे कीबोर्ड सहसा चिकटवून बंद केलेले असतात, उघडून नीट होत नाहीत. मग नवाच घ्यायचा. घेण्याआधी ओळखीच्या कुणाचा त्याच मॉडेलचा कीबोर्ड तासभर उसना आणून लावून बघा. तोही जात असेल तर पैसे खिशातच ठेवा.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच, तर बायोसमध्ये कीबोर्ड जातानाचा व्हिडिओ फोनवर काढून न्या. माझ्या भाचीनं चार्जिंगच्या तक्रारीसाठी पुढे असाच व्हिडिओ नेला. काउंटरवरच्या माणसानं "विंडोज टाकून बघू" म्हणायला तोंड उघडलं, व्हिडिओ बघितला, आणि मुकाट्यानं मशीन आत घेऊन गेला.